टक् वाजते, गाडी हलत नाही

बॅटरीवर चालणारी फोर्कलिफ्ट बंद पडते तेव्हा एक बिघाड गाडीत असतो आणि दुसरा तक्रारीत. गाडीतला शोधायला मल्टिमीटर असतो. तक्रारीतला शोधायला अजून कोणतेही उपकरण निघालेले नाही, कारण गोडाऊनच्या लॉगबुकात पूर्वापार चारच वाक्ये चालत आलेली आहेत. ‘गाडी मेली’ म्हणजे चावी फिरवूनही काही होत नाही. ‘गाडी झटके मारते’ म्हणजे पेडल दाबल्यावर ती बुजलेल्या बैलासारखी निघते. ‘गाडी उचलत नाही’ म्हणजे चालते, पण फोर्क वर जात नाहीत. ‘गाडी मनाने चालते’ हे चौथे वाक्य क्वचितच लिहिलेले सापडते, कारण ते लिहिण्याची वेळ येते तेव्हा लिहिणारा गाडीपासून आणि लॉगबुकापासून बराच लांब गेलेला असतो.

चाकण, रांजणगाव, भिवंडी या पट्ट्यात ज्या गाड्या पॅलेट वाहताना दिसतात, त्यांत 48 व्होल्टची गाडी नेहमीची. दोन-दोन व्होल्टचे 24 सेल एका पोलादी पेटीत एकामागून एक जोडले की तिची बॅटरी होते. ती टनाच्या आसपास भरते. शिशाचे वजन हा दुर्गुण मानला जातो, पण या एका गाडीत त्याला मानाची नोकरी मिळालेली आहे: पुढच्या मालाला तोलून धरण्याची. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच संशोधकाने 1859 साली शिसे-आम्लाची बॅटरी केली, तेव्हा तिचा असा उपयोग त्याच्या ध्यानीमनीही नसावा.

या गाडीत दोन प्रवाह नांदतात. मोठा प्रवाह शेकडो अँपिअरचा. तो अंगठ्याएवढ्या जाड केबलीतून मोटारीकडे जातो आणि प्रत्यक्ष ओझे वाहतो. छोटा प्रवाह कंट्रोलचा. तो शिवणकामाच्या दोऱ्याहून थोड्याच जाड तारांतून फिरतो, एक किलोही उचलत नाही, पण त्याने हो म्हटल्याशिवाय मोठ्याला हलता येत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था निराळी समजावून सांगावी लागत नाही. गाडी बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा मोठा धडधाकट असतो आणि छोटा रुसलेला असतो.

रुसण्याची त्याची पद्धत ठरलेली आहे. कंट्रोलर नावाचा ॲल्युमिनियमचा डबा चालकाचे म्हणणे ऐकतो आणि मोटारीला किती वीज सोडायची ते ठरवतो. पण ऐकून घेण्याआधी त्याच्या अटी असतात. चालक आधी सीटवर बसला पाहिजे, मग चावी, मग हँडब्रेक सोडायचा, मग पुढे-मागेचा खटका, आणि सर्वांत शेवटी पाय पेडलवर. क्रम चुकला की सोवळ्यातल्या आजीला पारोशा नातवाचा हात लागावा तसे होते. आता हुज्जत घालून उपयोग नाही. पाय काढा, खटका मधोमध आणा, चावी बंद करून पुन्हा फिरवा. घाईत पुन्हा पाय आधी पडला, तर पुन्हा आंघोळ. हे सोवळे उगीच नाही. पेडल दाबलेले असताना चावी फिरवून गाडी निघाली असती, तर ती थेट समोरच्या रॅकमध्ये गेली असती, आणि रॅकवर कोणाचा तरी माल असतो.

गाडी थांबली की भोवती मंडळी जमतात आणि निदानाला सुरुवात होते. हे निदान नेहमी किमतीच्या उतरत्या क्रमाने चालते. ‘कंट्रोलर उडाला’ हे पहिले मत. कंट्रोलर कुठे बसवलेला असतो हे ज्याला ठाऊक नसते त्याचे ते असते. मग मोटार जळते, मग बॅटरी बसते. शे-दोनशे रुपयांच्या मायक्रोस्विचवर संशय घेणे सर्वांनाच कमीपणाचे वाटते. एवढे मोठे यंत्र, आणि एवढ्याशा कारणाने अडावे? वस्तुस्थिती मात्र अशी, की लाखाच्या घरातला कंट्रोलर हा आत काहीही न हलणारा, सील केलेला डबा आहे. तो एका जागी बसून असतो. स्विच मात्र दिवसातून शेकडो वेळा दाबला जातो, तारा फोर्क उचलणाऱ्या मास्टबरोबर वर-खाली होताना वाकतात, प्लगवर फरशी धुतल्याचे पाणी उडते. जे झिजते तेच आधी जाते, आणि झिजणाऱ्या वस्तू नेमक्या स्वस्त असतात. म्हणून जाणता दुरुस्तीवाला जमलेल्या मंडळींची यादी नम्रपणे ऐकतो आणि खालच्या टोकाकडून सुरुवात करतो.

त्याआधी तो हातातली अंगठी आणि घड्याळ काढून खिशात ठेवतो. 48 व्होल्टचा शॉक सहसा लागत नाही, या गोष्टीने बऱ्याच जणांना गाफील केलेले आहे. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर त्यातून हजारो अँपिअर वाहतात आणि पाना वेल्डिंगच्या कांडीसारखा लाल होतो. पान्याच्या जागी लग्नाची अंगठी असेल तर ती बोटासकट. पुढची चाके जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे देणे हेही चुकवायचे नसते. बिघाड अचानक सापडला तर गाडीला जायला जागा नसावी. बॅटरीचा प्लग काढल्यावरही कंट्रोलरमधल्या कपॅसिटरांत काही काळ वीज साठून राहते. ती एखादा बल्ब जोडून उतरवतात. बल्ब क्षणभर उजळतो आणि मावळतो, तेवढ्यात बघ्यांपैकी एकजण ‘बघा, करंट आहे म्हणजे गाडी चांगली आहे’ असा निर्वाळा देतो.

तपासणी हॉर्नपासून सुरू होते. हॉर्न वाजला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वाट मोकळी आहे. हॉर्नही मुका असेल, तर बॅटरीचा मोठा प्लग नीट बसला आहे का आणि लाल इमर्जन्सी बटण दाबलेले आहे का, हे पाहायचे. या लाल बटणाने जितका पगारी वेळ खाल्ला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही भागाने खाल्ला नसेल. उतरताना कोणाच्या तरी गुडघ्याचा धक्का लागून ते आत जाते आणि तिथेच राहते. मग फोन.

“लाल बटण वर आहे का, दादा?”

“आहे की.”

“जरा खेचून बघा.”

पलीकडून काही वेळ आवाज येत नाही. मग हॉर्न येतो. मग फोन बंद होतो. आभार मानायचे राहून जातात. फोन करण्याऐवजी माणूसच बोलावलेला असला, तर हाच संवाद चाळीस किलोमीटर मोटारसायकल चालवून झाल्यावर होतो.

बॅटरी तपासताना तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, तिला काम देऊन बघायचे असते. भरलेल्या सेलला साधारण 2.12 व्होल्ट असतात. 24 सेलांचे मिळून जवळपास 51. मीटर लावला, 50 दिसले, बॅटरी ठणठणीत असे म्हणून पुढे गेलेला माणूस संध्याकाळी परत बॅटरीशीच येतो. माल उचलायला लावून तोच मीटर पाहिला की खरे कळते: एखादा सेल खचलेला असेल तर आकडा धाडकन खाली येतो आणि लिव्हर सोडताच साळसूदपणे जागेवर जातो. तो सेल कोणता हे प्रत्येकाचे व्होल्टेज वेगळे घेऊन आणि हायड्रोमीटरने आम्लाची घनता मोजून समजते. भरलेल्या सेलमध्ये ती 1.280च्या आसपास असते, पुरत्या वापरलेल्यात 1.140पर्यंत उतरते. ‘गाडी उचलत नाही’ या तक्रारीत तर बिघाडही नसण्याची शक्यता मोठी. सुमारे 80 टक्के वीज वापरली गेली की अनेक गाड्यांत इंडिकेटर उचलणे बंद करतो आणि चालणे चालू ठेवतो, म्हणजे चालकाने मुकाट्याने चार्जरकडे जावे. चालक चार्जरकडे न जाता हायड्रॉलिकवाल्याला बोलावतो. हायड्रॉलिकवाला तेल बदलतो. तोवर जेवणाची सुट्टी होते, कोणीतरी गाडी चार्जिंगला लावते, आणि उरलेला दिवस तेलाची कीर्ती गायली जाते.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घालायचे असते. चार्जिंग होताना आतली पातळी वर चढते, त्यामुळे आधीच काठोकाठ भरले तर आम्लपाणी उतू जाते. हा नियम पेटीवर छापलेला असतो आणि पाणी नेमके त्याच्यावरून ओघळते. सांडलेले आम्ल धुळीत मिसळून वीज वाहणारा चिखल होतो, आणि मग बॅटरीचा लोखंडी अंगाशी संबंध जुळतो. मोटारगाडीत बॅटरीचे एक टोक बॉडीला जोडलेलेच असते. फोर्कलिफ्टमध्ये कोणतेही टोक बॉडीला लागता कामा नये. एक गळती निभावून जाते. दुसरीकडे एखादी सोललेली तार बॉडीला टेकली की दोन्ही मिळून सिग्नलचा रस्ता परस्पर पूर्ण करतात आणि गाडीला कोणी न दिलेले हुकूम ऐकू येऊ लागतात. ही गळती शोधण्याची युक्ती मात्र फार देखणी आहे. निगेटिव्ह टोक आणि बॉडी यांच्यात मीटर लावायचा. ठाम 30 व्होल्ट दिसले तर त्याला दोनाने भागायचे. निगेटिव्हकडून मोजत पंधराव्या सेलच्या आसपास ओल सापडते. खंडेनवमीला गाडीची पूजा झाल्यानंतरच्या आठवड्यात अशी ओल शोधताना नारळ कोणत्या बाजूला फोडला होता याची चौकशी केल्यास भागाकारही वाचतो.

फ्यूजबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तो उडालेला असतो, किंवा उडू नये म्हणून त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. दुसऱ्या प्रकारात फ्यूजऐवजी तारांचा अख्खा हार्नेस उडतो.

सीटखालच्या स्विचकडे मात्र सावकाश पाहायला हवे, कारण कंट्रोलच्या बिघाडांतले सगळे नाट्य तिथे आहे. चालक गाडीवर आहे की नाही एवढेच या स्विचला कळायचे असते. त्याला जे कळते ते त्याहून अधिक आहे: चालकाचे वजन, बसण्याची ढब, सीटच्या फोमचे वय, आणि उन्हाळ्यात सीट पोळते म्हणून खाली घातलेले गोणपाट. नमुन्याला एक प्रसंग पुरे. गाडी पुढे जाताना सुरळीत, मागे जाताना मध्येच बंद. तक्रार अगदी नेमकी, म्हणून उपायही नेमके झाले: पुढे-मागेचा खटका बदलला, त्याच्या तारा बदलल्या, रिव्हर्सचा दिवा आणि भोंगासुद्धा सोडवून पाहिला. दुरुस्तीवाल्याने चालवली की गाडी मागे-पुढे लोण्यासारखी. चालक बसला की पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने हत्यारे खाली ठेवली आणि नुसता बाजूला उभा राहिला. चालक वयाने मोठा, अंगाने किडकिडीत आणि कामाला चोख. रिव्हर्स घेताना त्याने नियमाप्रमाणे उजवा हात मागच्या खांबाला धरला, मान पूर्ण मागे वळवली, आणि तसे करताना त्याची डावी मांडी सीटवरून चार बोटे उचलली गेली. टक्. गाडी उभी.

“मामा, बसून चालवा.”

“बसलोच आहे की!”

“अर्धे बसलाय.”

मामांना हा आरोप वाटला. गोडाऊनमध्ये मागे न पाहता रिव्हर्स घेणारे बाकी सगळे पूर्ण बसत होते आणि त्यांची गाडी बंद पडत नव्हती. नियम पाळणारा एकटाच अडकत होता. फोम दबून स्विचची पट्टी एका कडेला आली होती. सीट बदलली आणि रिव्हर्स दुरुस्त झाला. आधी काढलेल्या सुट्या भागांचे काय करायचे यावर स्टोअरमध्ये चर्चा झाली आणि ते ‘चालू स्थितीत, जुने’ अशा चिठ्ठीसह कपाटात गेले. अशा वेळी दुसरी वाटही सर्वांना ठाऊक असते: स्विचच्या दोन तारा एकत्र पिळायच्या, म्हणजेच ‘डायरेक्ट’ करायचे. मग गाडी कधीच बंद पडत नाही, चालक खाली उतरून बिडी पेटवत असला तरीही.

पेडलचा बिघाड त्यामानाने सरळ. जुन्या गाड्यांत पेडलखाली पोटेन्शिओमीटर असतो, बहुधा पाच किलोओहमचा. पाय दाबेल तसा त्याचा रोध बदलतो. चालकाचा पाय ज्या एका ठिकाणी दिवसभर रेंगाळतो तेवढाच पट्टा झिजतो, आणि तिथे आले की गाडी क्षणभर भान विसरल्यासारखी करते व मग उसळते. हा खड्डा आकड्यांच्या मीटरवर निसटतो. जुना काट्याचा मीटर लावून पेडल अगदी हळू दाबले तर काटा त्या जागी थरथरून खाली पडताना दिसतो. नव्या गाड्यांत घासणारा भागच नाही. तिथे एडविन हॉल या अमेरिकन तरुणाला 1879 साली आढळलेला परिणाम कामाला लावलेला आहे: चुंबक सरकला की व्होल्टेज बदलते. त्यामुळे झीज टळली. पेडलखाली अडकणारी शेंगांची टरफले टळली नाहीत.

मीटरच्या विषयात एक माहिती सांगितली पाहिजे. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम एकाच डब्यात मोजण्याची सोय 1923 साली ॲव्होमीटरने बाजारात आणली, आणि तिच्यामागे डोनाल्ड मॅकॅडी हा ब्रिटिश टपाल खात्यातला अभियंता होता. तारा सांभाळण्यासाठी वेगवेगळी यंत्रे वागवून तो कंटाळला होता. आज तेच यंत्र शर्टाच्या खिशात मावते, आणि दुरुस्तीवाल्याकडे मागितले तर नव्वद टक्के प्रसंगी त्यातला सेल संपलेला असतो. ही टक्केवारी अर्थातच चिडून काढलेली आहे.

आता टक्. चावी फिरवल्यावर मुख्य कॉन्टॅक्टर जुळतो तेव्हा हा आवाज येतो. कॉन्टॅक्टर म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठ्याला उघडून दिलेले दार: कॉइलमध्ये वीज गेली की चुंबक तयार होतो, तो पट्टी ओढतो आणि जाड टिप एकमेकींना भिडतात. टक् आलेच नाही, तर कॉइलकडे पाहायचे. इथे हुशार माणसेही फसतात. कित्येक गाड्यांत कॉइलचे पॉझिटिव्ह टोक जिवंतच असते आणि कंट्रोलर निगेटिव्ह बाजू जोडतो किंवा सोडतो. त्यामुळे विश्रांतीत कॉइलच्या दोन्ही टोकांना 48 व्होल्ट दिसतात आणि नवखा माणूस आनंदतो. खरे तर त्याचा अर्थ एवढाच, की कॉइल तुटलेली नाही आणि कंट्रोलरने अजून हो म्हटलेले नाही. मग मागे जायचे: सीट, ब्रेक, खटका, पेडल. एका टोकाला 48 आणि दुसऱ्याला शून्य असूनही टक् नसेल, तर कंट्रोलरने आपले काम केले आहे आणि कॉइल किंवा तिची यंत्रणा गेली आहे.

टक् वाजते पण गाडी हलत नाही, हा प्रकार लोकांना सर्वांत जास्त छळतो, कारण आवाज आला म्हणजे आशा असते. टिप जळून खडबडीत झालेल्या असल्या तर त्या भिडतात आणि तरीही वीज नीट सोडत नाहीत. भिडलेल्या टिपांच्या दोन बाजूंना मीटर लावून गाडीला जोर दिला तर आकडा शून्याजवळ राहायला हवा; तिथेच दोन-तीन व्होल्ट गळत असतील तर रोग सापडला. त्यावर पॉलिश पेपर किंवा कानस घासण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. टिपांवरचा चांदीच्या मिश्रधातूचा थर त्यात निघून जातो. गाडी चार दिवस मजेत चालते आणि पाचव्या दिवशी टिप चिकटून बसतात. मग टक् सुटतच नाही. नवे कंट्रोलर हे आधीच तपासतात आणि टिप चिकटलेल्या आढळल्या तर गाडी निघूच देत नाहीत. त्यावर ‘कंट्रोलर उडाला’ असे सांगण्यात येते.

कंट्रोलर स्वतःचे म्हणणे दिव्याने सांगतो. लाल दिवा काही वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा लुकलुकतो, आणि त्या मोजणीवरून पुस्तकात बिघाड पाहायचा असतो. सुपरवायझरची मोजणी चार-तीन येते, चालकाची चार-चार, आणि हेल्पर म्हणतो की दिवा लागतोय म्हणजे चालूच आहे. पुस्तक मॅनेजरच्या कपाटात असते, मॅनेजर पुण्यात असतो. पुस्तक मिळाल्यावरही ते दुखते कुठे एवढेच सांगते. ‘व्होल्टेज कमी’ असा कोड आला म्हणून नवी बॅटरी मागवायची नसते. केबलीच्या टोकाचा एखादा ढिला लुग आधी हाताला गरम लागतो का, ते बॅटरीचा प्लग काढून चाचपायचे असते. एसी मोटारीच्या गाड्यांत मोटारीचा वेग सांगणारा एन्कोडर गेला तर गाडी गोगलगाय होते आणि दोष मोटारीवर जातो. डीसी मोटारीत हाच मान झिजलेल्या कार्बनांना मिळतो.

उरतो तो येऊन-जाऊन असलेला बिघाड. दुपारच्या शिफ्टला येतो, दुरुस्तीवाला आला की जातो. तो बहुधा तारेत असतो: मास्टजवळ किंवा स्टिअरिंगच्या खांबाशी, जिथे हार्नेस रोज वाकतो आणि आतले तांबे तुटले तरी वरचे प्लॅस्टिक शाबूत राहते. थंड असताना टोके भिडलेली असतात, तापल्यावर दुरावतात. ओहमवर ठेवलेला मीटर एका उरलेल्या धाग्यालाही पूर्ण तार म्हणतो. त्यामुळे गाडी चालू ठेवून, तारेतून काम सुरू असताना तिच्या दोन टोकांतले व्होल्टेज पाहायचे आणि हार्नेस वीतभर-वीतभर हलवत जायचे. काळ्या टेपचा जाडजूड गोळा सापडला तर तो सोडून पाहावा. आत पूर्वीच्या दुरुस्तीवाल्याने पिळलेल्या, हिरव्या पडलेल्या तारा निघतात.

घाईचा रस्ता म्हणजे शेजारच्या चालू गाडीचा कंट्रोलर काढून या गाडीत लावून बघणे. तारेतल्या शॉर्टमुळे पहिला कंट्रोलर गेलेला असेल, तर दुसराही त्याच वाटेने जातो. सकाळी एक गाडी बंद होती, दुपारी दोन असतात, आणि मंडळींचे पहिले मत अखेर खरे ठरते.

दुरुस्ती झाल्यावर ठोकळे काढून गाडी मोकळ्या जागेत चालवून पाहतात: रिकामी, मग भार घेऊन, पुढे, मागे, वर, खाली, सीटवरून उठल्यावर ती थांबते ना, लाल बटण दाबल्यावर मरते ना. मग जॉबकार्ड भरले जाते. त्यावर ‘बिघाड’, ‘केलेले काम’ आणि ‘सुटे भाग’ असे तीन रकाने असतात. पहिल्यात लिहितात, ‘गाडी चालत नव्हती.’ दुसऱ्यात, ‘गाडी चालू केली.’ तिसऱ्यात, ‘निरंक.’